सात नंबरचा हात

अन्नदा महिला गृहउद्योगात त्या श्रावणात दोन पाहुणे एकाच दिवशी उतरले आणि दोघांची सरबराई गिरिजा कोरेच्या गळ्यात पडली. एकाचं नाव ‘सोबती’, दुसऱ्याचं ‘पारखी’. दोघांना चहापाणी लागत नव्हतं, एवढंच सुख. अहवाल तयार करणाऱ्या दोन यंत्रणा होत्या त्या. संस्थेत दिवसभर जे आकडे गोळा होतात ते वाचायचे आणि धंदा कुठं चाललाय, कुठं अडलाय ते रोज सकाळी पडद्यावर मांडायचं, हे दोघांचंही काम. पंचेचाळीस दिवस दोघांना एकच आकडे द्यायचे, शंभरपैकी गुण घालायचे आणि संचालिका मंडळाला सांगायचं की यातला कुठला ठेवायचा. सन दोन हजार एकेचाळीस असलं तरी मिरजेत असली निवड करून द्यायला वरून कुणी येत नाही. जिला अहवाल कळतो तिनंच ती करायची, आणि गेली अठरा वर्षं गिरिजानं दुसरं काही केलंच नव्हतं.

अन्नदाचं काम सांगायला सोपं आहे. सहाशे चाळीस बायका. सकाळी केंद्रावरून पापडाचं मळलेलं पीठ न्यायचं, घरी लाटायचं, वाळवायचं, दुसऱ्या दिवशी पापड जमा करून नवं पीठ न्यायचं. प्रत्येकीला एक नंबर. गिरिजाची आई पार्वतव्वा, म्हणजे घरातली अव्वा, सात नंबरची, म्हणजे संस्था काढणाऱ्या पहिल्या अकरा जणींपैकी. भिंतीला भिंत लागून राहणारी शमशाद मुजावर एकशे चाळीस नंबरची. या दोघी चौतीस वर्षं एकाच ओसरीवर समोरासमोर पोळपाट मांडून बसत आल्या होत्या, आणि एकमेकींच्या लाटण्याला नावं ठेवल्याशिवाय त्यांचा दिवस जात नसे.

बारा वर्षांपूर्वी जमा खिडकीवर एक यंत्र बसलं. पापड पट्ट्यावरून सरकतो, उजेडाची एक तिरीप त्याच्यावरून फिरते आणि चाळीस हजार ठिकाणी त्याची जाडी मोजते. कारण घरगुतीच होतं. जाड पापड नीट तळला जात नाही आणि कडेला ओल राहिली तर डब्यात बुरशी धरते. असा पापड परत. शेकडा किती परत, तेवढा आकडा गिरिजाच्या अहवालात यायचा, आणि बाकीची मापं बारा वर्षं नुसती साठत राहिली होती. त्यांचं काय करायचं हे कुणी विचारलंच नव्हतं.

पारखीनं विचारलं. लाटणं पिठावरून जातं तेव्हा दोन्ही हातांचा जोर कधीच सारखा नसतो. कुणाचा उजवा हात दाबतो, कुणी लाटी वळवताना अर्धा क्षण थांबते, कुणी शेवटचा हात कडेवरून हलकेच फिरवते. या सगळ्याच्या खुणा पापडात उमटतात आणि पापड वाळला की तशाच राहतात. आपल्याला त्या दिसत नाहीत, पण चाळीस हजार मापांतून दिसतात. पाचशे पापड वाचले की पारखीला हात ओळखता येई, जशी पोस्टमनला अक्षरावरून चिठ्ठी कुणाची ते कळे. पहिल्याच दिवशी त्यानं गिरिजाला विचारलं होतं, ‘एका नंबरावर एकच हात धरायचा का?’ संस्थेचा नियमच तसा होता, आपलं पीठ आपणच लाटायचं. गिरिजानं ‘होय’वर बोट ठेवलं आणि ती पुढच्या प्रश्नाकडे वळली.

सोबतीची तऱ्हा वेगळी. तो आकड्यांपेक्षा वाचणाऱ्याला जास्त वाचायचा. तुमची नजर कुठल्या ओळीवर थांबते, कुठलं पान तुम्ही उलटून टाकता, कशावर तुमच्या कपाळाला आठी पडते, हे पडद्यावरच्या छोट्या डोळ्यानं टिपायचा आणि दुसऱ्या दिवशीचा अहवाल तुमच्या मापाचा शिवून आणायचा. अध्यक्ष वत्सलाताई ऐनापुरे तर त्याच्या प्रेमातच पडल्या. त्यांना तो रोज सकाळी “ताई, बरं हाय न्हवं?” म्हणायचा आणि चांगली बातमी आधी सांगायचा.

“गिरिजा, किती गोड बोलतोय गं हा! त्या दुसऱ्याचं तोंड बघितलं का? वसुलीला आल्यासारखं.”

“ताई, गुण गोड बोलण्याला नाहीत. तसा रकानाच नाही तक्त्यात.”

“मग घाल की एक.”

गिरिजानं रकाना घातला नाही. पण सोबतीची एक गोष्ट तिला खटकली आणि तिनं ती वहीत लिहून ठेवली. मालगाव केंद्राच्या तक्रारींचं पान ती घाईत चार दिवस उलटून गेली, तर पाचव्या दिवशी ते पान आलंच नाही. विचारल्यावर सोबती नम्रपणे म्हणाला, “आपल्याला त्यात रस दिसला नाही.” तिला स्वतःचीच थोडी लाज वाटली.

एकोणिसाव्या दिवशी पारखीनं एक पान पुढं केलं. कुणी मागितलेलं नव्हतं.

‘सभासद क्रमांक सात. गेल्या अकरा महिन्यांत डाव्या हाताचा जोर शेकडा बावीसनं कमी. रोजच्या लाटणीतले सुरुवातीचे पापड मापात, शेवटाकडचे क्रमानं लहान होत जातात. लाटी वळवण्याचा वेग मंद. असा बदल याआधी नऊ सभासदांत आढळला. नऊच्या नऊ सभासद सरासरी दोन वर्षं सात महिन्यांत थांबल्या.’

बस्स. का थांबल्या ते पारखीला ठाऊक नव्हतं. त्याच्याजवळ पापडांची मापं होती, बायका नव्हत्या. ‘थांबल्या’ म्हणजे त्यांच्या नंबरावर माल यायचा बंद झाला, इतकंच त्याला कळत होतं.

गिरिजानं ते पान तीन वेळा वाचलं आणि मग परत मालाचा जुना तक्ता उघडला. सात नंबरची परत शेकडा सात. अव्वाची! जिच्या पापडाचा नमुना संस्थेच्या पहिल्या डब्यावर छापला होता, तिची परत सात? हा आकडा आजवर तिच्या डोळ्यांसमोर आला नव्हता, कारण कलम चौदाच्या तक्त्यात पहिल्या अकरा जणींची नावं येतच नसत. सलग तीन महिने परत सहाच्या वर गेली की त्या सभासदाचं पीठ बंद, असं ते कलम. संस्थापकांना तेवढी सूट होती. घरात दोघीच होत्या, ती आणि अव्वा. लग्न न केल्याची खंत अव्वालाच जास्त होती, हिला कधी झाली नव्हती. पण त्या दुपारी पहिल्यांदा तिच्या मनात आलं की अव्वानंतर या घरात आपण कुणाशी भांडणार.

घरी येऊन ती आईच्या हातांकडे बघत बसली. अव्वा भाकरी थापत होती. हात ठणठणीत दिसत होते, पण भीती बसली की ठणठणीत हातही संशयित वाटतात.

“काय बघाय लागलीस मघापासनं? भाकरी कधी बघितली न्हाईस?”

“अव्वा, डावा हात दुखतोय का गं तुझा?”

भाकरी थापणारा हात क्षणभर थांबला. “कुणी सांगितलं?”

“मशीननं. तुझ्या नंबरावरच्या पापडांवरून.”

अव्वानं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला आणि म्हणाली, “वय झालंय. हुतंय तसं.”

“उद्या डॉक्टरकडं जायचं.”

“जाऊ की.”

साधा ताप आला तरी डॉक्टरचं नाव काढू न देणारी ही बाई एका शब्दात तयार झाली. गिरिजाला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण ती इतकी घाबरली होती की अव्वाही घाबरली असेल असंच तिनं धरलं.

मिरजेत आणि कशाची वानवा असेल, डॉक्टरांची नाही. मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी अव्वाला चालवलं, बोटं मिटायला-उघडायला लावली, कागदावर गोल काढायला लावले, डोक्याचा फोटो काढला. तिसऱ्या दिवशी त्या हसून म्हणाल्या, “आजी, तुमचे हात माझ्यापेक्षा चांगले आहेत. काही नाही तुम्हाला.”

बाहेर आल्यावर गिरिजा रस्त्यातच रडली. अव्वानं पदरानं तिचं तोंड पुसलं, पण स्वतः काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी गिरिजानं वचपा काढला. अचूकतेच्या वीस गुणांपैकी पारखीचे बारा कापले. शेऱ्यात लिहिलं, ‘निरोगी सभासदाबद्दल गंभीर चुकीचा इशारा. कुटुंबास विनाकारण मनस्ताप.’ सोबती आता अकरा गुणांनी पुढं होता. वत्सलाताईंनी वेलदोड्याचा चहा पाजला आणि मसुदा टाइप करून ठेवायला सांगितला. पण अठरा वर्षं अहवाल लिहिणाऱ्या बाईची एक खोड असते. पुराव्याशिवाय ओळ सोडवत नाही. चूक म्हटलंय तर तिचा दाखला जोडायला हवा, म्हणून तिनं पारखीच्या पुण्यातल्या कंपनीत फोन लावला. तिकडे वैदेही नावाची तरुण इंजिनियर होती.

“मॅडम, हात ओळखण्यात तो सहसा चुकत नाही,” वैदेही म्हणाली. “तुम्ही एक करा. त्यांना तुमच्या डोळ्यांसमोर दहा पापड लाटायला सांगा आणि ते यंत्राखाली घाला. एकदा शिकलेला हात ओळखायला तेवढे पुरतात. आणि हो, सुरुवातीला ‘एका नंबरावर एकच हात’ अशी खूण केलीय का तुम्ही? ती काढून टाका. मग काय म्हणतोय बघू.”

त्या संध्याकाळी अव्वानं कुरकुरत दहा पापड लाटले. “आता का? शमशादबी गेली घरी. उद्या लाटू की.” तिच्याविना काय अडतंय, ते गिरिजाला तेव्हा उमगलं नाही. दोन दिवसांनी तिनं वाळलेले दहा पापड पट्ट्यावरून सोडले, खूण काढली आणि पारखीचं पान उघडलं.

‘हा हात अकरा वर्षं एक महिना क्रमांक सातवर होता. गेले अकरा महिने तो क्रमांक एकशे चाळीसवर आहे. हातात बदल नाही.’

आणि खाली, तिनं न विचारलेली दुसरी ओळ. ‘क्रमांक सातवर गेले अकरा महिने जो हात आहे, तो आधी क्रमांक एकशे चाळीसवर होता. इशारा त्या हाताबद्दल आहे.’

हात पारखीनं बरोबर ओळखला होता. नाव गिरिजानं त्याला चुकीचं शिकवलं होतं. मग ती उठली, पर्स घेतली आणि दुपारी दोनला, आयुष्यात पहिल्यांदा रजेचा अर्ज न टाकता घरी निघाली.

ओसरीवर दोघी समोरासमोर बसल्या होत्या. मध्ये दोन सुपं. शमशादचाचीचा पापड लाटून झाला की ती तो अव्वाच्या सुपात टाकत होती, अव्वा आपला तिच्या सुपात. इतक्या सवयीनं की दोघींचं लक्षही नव्हतं. गिरिजा दारात उभी राहिली तेव्हा अव्वाचा हात सुपावर तसाच थांबला.

“अव्वा, हे कधीपासनं?”

चाची पटकन उठली. “पाणी आणते बेटी.” ती आत गेली. जाताना तिचा डावा हात अंगाशी चिकटून होता, चालताना हलत नव्हता. इतकी वर्षं रोज समोर दिसणारी बाई, आणि ते आज दिसलं.

“मागल्या गणपतीपासनं,” अव्वा खाली बघत म्हणाली. “तिची परत दोन महिने सहाच्या वर गेली हुती. तिसऱ्या महिन्यात पीठ बंद झालं असतं. मला कलम लागत न्हाई. मग म्हटलं, तिचं माझ्यात घालू, माझं तिच्यात. कुणाचं काय बिघडतंय?”

“कुणाचं काय बिघडतंय?” गिरिजाचा आवाज चढला. “तू माझ्याबरोबर दवाखान्यात आलीस. फोटो काढून घेतलास. मी रस्त्यात रडले अव्वा! आणि तुला माहीत होतं, आजार कुणाला आहे ते!”

“आजार हाय हे कुठं ठाव हुतं? हात दुखतोय म्हणायची. माझ्या नंबरावर नाव आलं म्हणून मी गेले. न्हाई गेले असते तर तू शोधत शोधत तिच्यापतुर आली असतीस.” अव्वानं वर बघितलं. “तिला शब्द दिला हुता मी. घरात सून तिला काडीला हात लावू देत न्हाई. ह्या पोळपाटावर बसती तेवढीच तिची ती असती.”

गिरिजाला राग आला होता आणि आपल्या आईचा अभिमानही वाटत होता, आणि दोन्ही एकाच वेळी वाटत असल्यानं तिला आणखी राग आला. पापड हीच जिची इज्जत, तिनं अकरा महिने दुसरीचे वाकडे पापड आपल्या नावावर घेतले होते. पण त्याच अकरा महिन्यांत चाचीला औषधही मिळालं नव्हतं.

“शब्द पाळलास तू,” ती म्हणाली. “पण तिचं एक वर्ष घालवलंस.”

हे अव्वाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

शमशादचाची पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. “तिला नको बोलूस बेटी,” ती म्हणाली. “मीच म्हटलं होतं, कुणाला सांगू नको. मला वाटायचं, म्हातारपण. आळस चढलाय हाताला. लाटायला घेते तर पहिले वीस चांगले होतात, मग हात ऐकतच नाही माझं.” तांब्या खाली ठेवून ती गिरिजाजवळ बसली. “मशीन काय म्हणतंय? खरं सांग.”

पारखीचं पान गिरिजाच्या फोनमध्ये होतं. ते चाचीचं होतं, हे तिला आत्ता कळत होतं. जिच्या हाताचं आहे तिच्याआधी ते गिरिजानं वाचलं होतं, डॉक्टरांनी वाचलं होतं, आणि मसुद्याच्या रूपानं वत्सलाताईंच्या टेबलावरही पडलं होतं. तिनं ते हळूहळू वाचून दाखवलं. दोन वर्षं सात महिने ही ओळ ती गाळणार होती, पण चाची तिच्या तोंडाकडे बघत होती. तिनं वाचली.

“थांबल्या म्हणजे मेल्या?”

“नाही चाची. म्हणजे मला माहीत नाही. मशीनलाही माहीत नाही.”

“मग तू बघ की. तुझ्याकडे नावं असतील.”

डॉक्टरीणबाईंनी या वेळी हसून सांगितलं नाही. कंपवाताची सुरुवात होती. हात अजून थरथरत नव्हता, पण डावी बाजू मागं पडू लागली होती. लोक थरथर सुरू झाल्यावर येतात, तुम्ही आधी आलात, गोळ्यांनी आणि व्यायामानं बरीच वर्षं कामं करता येतील, असं त्या म्हणाल्या. “तुम्हाला पाठवलं कुणी?” त्यांनी विचारलं. चाची म्हणाली, “पापडांनी.”

ती नऊ नावं गिरिजानं दुसऱ्या दिवशी काढली. दोघी आपणहून सोडून गेल्या होत्या. सात जणींना कलम चौदाचं पत्र गेलं होतं. पत्राचा मजकूर ठरलेला होता, ‘आपल्या कामातील सततच्या बेफिकिरीमुळे आपले पीठ बंद करण्यात येत आहे.’ खाली सही, अहवाल विभाग, गिरिजा कोरे. सातही पत्रांवर.

तिनं ती सही बघितली. टापटीप, ठसठशीत. त्या दिवशी तिनं डबा उघडला नाही.

मंडळाची सभा पंचेचाळिसाव्या दिवशी भरली. अकरा संचालिका, शेंगदाण्याचे लाडू आणि गिरिजाचा तक्ता. तिनं आधी शमशादचाचीला विचारून घेतलं होतं, नाव सांगू का म्हणून. चाचीनं एक दिवस विचार केला आणि म्हणाली, “नाव सांगू नको. मीच येते.”

गिरिजानं अहवाल वाचला. “सोबती शिकायला सोपा, दिसायला देखणा, लवकर आवडणारा. पारखी किचकट. अचूकतेत मी पारखीचे बारा गुण कापले होते, ते परत देतेय. चूक माझी होती. नंबर म्हणजेच हात, असं मी त्याला सांगून ठेवलं होतं.”

“आता पुढं कोण आहे मग?” वत्सलाताईंनी विचारलं.

“पारखी, एका गुणानं. पण ताई, गुणांचं सोडा. मला नको असलेलं पान मी चार दिवस उलटलं, तर सोबतीनं ते काढून टाकलं. मी अठरा वर्षं तेच करत आलेय. त्याला दोष काय देऊ?” मग तिनं सात पत्रांची गोष्ट सांगितली.

मग बेडगच्या संचालिका म्हणाल्या, “पर हे बरं न्हवं. उद्या कुणाला काय हुणार ते आपल्याला आधी कळायचं आन् आपण तिचं पीठ आधीच बंद करायचं. मशीन चांगलं असंल. आपण चांगल्या हाय का?”

प्रश्न बिनतोड होता. चौघीजणी एकदम बोलू लागल्या. एवढं कळतंय तर नवी सभासद घेतानाच हात तपासू, असंही एकीनं सुचवलं, आणि तिच्याकडे दोघींनी अशा नजरेनं बघितलं की तिनं लाडू उचलला. तेवढ्यात दाराजवळ बसलेली शमशादचाची उभी राहिली. डावा हात तिनं उजव्या हातानं पुढं धरला होता.

“तो हात माझा आहे,” ती म्हणाली. “सातवरचा. आता तुम्ही सांगा काय करायचं. पण एक सांगते. मला कळलं ते बरं झालं. फक्त मला सगळ्यांच्या शेवटी कळलं. पहिल्यांदा मला कळायला पाहिजे होतं.”

पुढचा तासभर भांडणात गेला आणि त्यातून ठराव झाला तो असा. पारखी ठेवायचा. हाताबद्दलचं पान मंडळाला नाही, अहवाल विभागाला नाही, वत्सलाताईंनाही नाही. ज्या बाईचा हात, तिनं खिडकीवर येऊन मागितलं तर तिला एकटीला द्यायचं. आणि कलम चौदामधून ‘बेफिकिरी’ हा शब्द काढून टाकायचा. पीठ बंद करण्याआधी तिच्या घरी जाऊन विचारायचं, काय झालंय म्हणून. सहा विरुद्ध पाच. वत्सलाताईंनी विरुद्ध मत दिलं, पण निघताना गिरिजाच्या पाठीवर हात ठेवून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी “बरं हाय न्हवं?” म्हणणारं कुणी नव्हतं, म्हणून त्या दिवसभर फुरंगटून बसल्या, तो भाग वेगळा.

चाचीला जमेल तेवढंच पीठ मिळू लागलं, तिच्या स्वतःच्या नंबरावर. सुपं आता आपापल्या जागी राहिली. अव्वा मात्र तिचे पापड उचलून उजेडात धरायची आणि म्हणायची, “शमशाद, हा पापड हाय का चप्पल?” दोघींना बरं वाटायचं.

त्या रविवारी गिरिजा मालगावला गेली. सात जणींपैकी दोघी वारल्या होत्या. पहिलं घर आक्काताई मगदूम यांचं होतं, सहा वर्षांपूर्वीचं पत्र. अव्वा म्हणाली, मी येते. गिरिजा नको म्हणाली. सही तिची होती.

आक्काताई अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर होते आणि आपोआप हलत होते. सुनेनं ओळख करून दिली, “आत्या, अन्नदातनं बाई आल्यात.” म्हातारीनं मान वर केली. चेहरा हलत नव्हता, पण डोळे जागे होते.

गिरिजा तिच्यापुढं जमिनीवरच बसली. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं तिच्या डोक्यातून गेली होती. “आजी, सहा वर्षांपूर्वी संस्थेचं पत्र आलं होतं तुम्हाला,” ती म्हणाली. “ते मी पाठवलं होतं. त्यात जे लिहिलं होतं ते खोटं होतं. तुमचा हात आजारी होता. तुम्ही बेफिकीर नव्हता.”

आक्काताईंचा आवाज इतका बारीक निघाला की गिरिजाला पुढं वाकावं लागलं.

“मी सांगत हुते की,” त्या म्हणाल्या. “खिडकीवर तीनदा येऊन सांगितलं, बाई, हात ऐकंना झालाय. ती पोरगी म्हणाली, आजी, हे लिवायला जागा न्हाई ह्यात.”

ती पोरगी कोण, हे गिरिजाला विचारावं लागलं नाही. त्या वर्षी अहवालाचं काम सांभाळून मिरजेच्या खिडकीवरही तीच बसत होती. तिनं पिशवीतून वही काढली, कोरं पान उघडलं आणि वर नाव लिहिलं.

“आजी,” ती म्हणाली, “आता सांगा.”